अर्ध्या गुंजेचा प्रश्न

गळाने मासे धरणे हा आमच्या सुशिक्षित समाजात फारसा प्रतिष्ठेचा छंद नाही, याची मला जाणीव आहे. शिकारीभोवती पराक्रमाचे काही वलय तरी असते. परंतु बांबूची काठी हाती धरून कयाधूच्या काठी दोन-दोन तास पाण्याकडे टक लावून बसणाऱ्या गृहस्थाविषयी हिंगोलीतील शेजारी आदराने बोलतात, असा निदान माझा अनुभव नाही. तथापि या निरुद्योगी उद्योगातील एका क्षुल्लक वस्तूने मला जो प्रश्न घातला, तो मला तितकासा क्षुल्लक वाटत नाही. ती वस्तू म्हणजे दोरीला लावावयाचे शिशाचे वजन.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्याकरिता थोडे विस्ताराने सांगतो. बारीक दोरीच्या टोकाला गळ, गळावर कणकेची गोळी किंवा गांडूळ, आणि वर हात-दीड हातावर पाण्यावर तरंगणारी एक काडी. ही काडी बहुधा मोरपिसाच्या देठाची असते. खेड्यातील मुले ज्वारीच्या धाटाचा बोटभर तुकडाच वापरतात, आणि तो काही वाईट काम देत नाही. काडी नुसती सोडली तर आडवी पडते. ती उभी राहावी आणि तिचे केवळ ज्वारीच्या दाण्याएवढे टोक पाण्याबाहेर दिसावे, इतके वजन दोरीला लावावे लागते. वजन कमी पडले, तर आमिष ओढताना माशाला वरच्या काडीचा विरोध जाणवतो आणि तो तोंडातला घास टाकून निघून जातो. अधिक झाले, तर काडीच बुडते. म्हणून जाणता माणूस एक मोठा मणी न लावता चिरलेल्या लहान लहान गोळ्या लावतो. चिरेत दोरी घालून गोळी दाबली की झाले. श्रावणात कयाधूला ओढ असते तेव्हा चार गोळ्या एकत्र, गळाच्या जवळ. सिद्धेश्वर जलाशयाच्या संथ पाण्यात एकेक गोळी अंतराअंतराने, गळाकडे लहान होत गेलेली. नेहमीच्या गोळीचे वजन सुमारे 0.4 ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापाने तीन-साडेतीन गुंजा. अगदी बारीक गोळी 0.06 ग्रॅमची, म्हणजे अर्ध्या गुंजेची. ती अर्धी गुंज काढली की काडी नखभर वर येते, लावली की खाली जाते. आणि मासा लागणे न लागणे पुष्कळदा तेवढ्यावर ठरते. मी स्वतः एकेका गोळीची निवड करण्यात सबंध सकाळ घालविलेली आहे.

आता दुसरी बाजू. गळ पाण्यातील बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकतो, ओढाताणीत दोरी तुटते, आणि चार-पाच गोळ्या तळाशी जातात. त्या वेळी मी काय म्हणत असे? ‘जाऊ द्या, एवढीशी तर गोळी!’ ज्या अर्ध्या गुंजेसाठी मी तासभर खटपट केली होती, तीच माझ्या हातून सुटताच एका क्षणात नगण्य झाली. हे मी कित्येक वर्षे केले आणि त्यात काही विसंगती आहे हे माझ्या ध्यानातही आले नाही. सोनार असे कधी म्हणत नाही. त्याच्या दुकानातील केरसुद्धा झारेकरी विकत घेतात आणि धुऊन त्यातील कण काढतात. तेव्हा वस्तू लहान आहे म्हणून आपण ती सोडून देतो, हे खरे नव्हे. सोन्याचा कण हरवला तर नुकसान आपले. शिशाचा हरवला तर ते दुसऱ्या कोणाचे, आणि तो दुसरा कोण हे आपल्याला दिसत नाही.

तो कोण, हे इंग्लंडात दिसून आले. पाणपक्ष्यांना दात नसतात. ते बारीक खडे गिळतात आणि पोटातील दाणे दळणाऱ्या स्नायुमय पिशवीत त्या खड्यांकडून जात्याचे काम घेतात. थेम्स आदि नद्यांवरील हंस मासे धरणारांनी टाकलेल्या गोळ्या खडे समजून गिळू लागले. तेथे शिसे झिजते, आम्लात विरघळते, रक्तात भिनते. स्नायू लुळे पडतात, मान वाकडी होते, अन्न पुढे सरकत नाही, आणि पोट भरलेले असूनही पक्षी उपाशी मरतो. अखेरीस 1987 साली 0.06 ग्रॅमहून जड व 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीला तेथे बंदी झाली, आणि त्यानंतर हंसांची संख्या पुन्हा वाढली. त्यांचा मृत्यू कोणा एका माणसाने घडवून आणला नव्हता. प्रत्येकाने ‘एवढीशी तर गोळी’ इतकेच म्हटले होते.

मौज अशी की कायद्यालाही कोठेतरी तेच म्हणावे लागले. अर्ध्या गुंजेची व तिच्या खालची गोळी त्याने मोकळी सोडली. व्यवहारात कोठे तरी रेघ ओढावीच लागते, त्याबद्दल मी कायद्याला दोष देत नाही. पण कायद्याची रेघ ही आमच्या जबाबदारीचीही रेघ आहे काय? एक दाणा म्हणजे रास नव्हे, दुसरा घातल्यानेही नव्हे, मग रास होते तरी केव्हा, हे कोडे ग्रीक तार्किकांनी फार पूर्वी घातले होते. तार्किकाला ते सुटत नसेल. पाखराच्या पोटाला ते सोडविण्याची गरज पडत नाही.

येथे कोणी सहज विचारील की, जो मनुष्य करमणुकीखातर माशाच्या जबड्यात गळ अडकवितो, त्याने पाखरांचा कळवळा दाखवावा हे ढोंग नव्हे काय? घरात हा प्रश्न मला अनेकदा, आणि याहून तिखट शब्दांत, विचारला गेला आहे. माझे उत्तर पुरते समाधानकारक नाही, हे आधीच कबूल करतो. मासा मी धरतो तेव्हा तो माझ्या हातात तडफडत असतो. ते कृत्य माझे आहे, आणि उद्या मला ते अयोग्य वाटले तर काय सोडावयाचे हे मला ठाऊक आहे. पण हिवाळ्यात सिद्धेश्वरावर उतरलेले एखादे बदक माझ्या गोळीने फाल्गुनात कोठे मेले, तर ते कृत्य माझे असूनही माझ्यापाशी कधीच येणार नाही. पहिल्या हिंसेची निदान लाज तरी वाटू शकते.

गतवर्षी वैशाखात पाणी उतरले तेव्हा मी जलाशयाच्या उघड्या पडलेल्या काठाने हिंडलो. तडकलेल्या चिखलात, खोडांच्या मुळाशी, गुंतलेल्या दोऱ्या आणि त्यांवर गोळ्या. दोन सकाळीत चहाची एक लहान डबी भरली. त्यांपैकी माझ्या किती हे ओळखण्यास अर्थातच काही मार्ग नव्हता.

तेव्हापासून मी कथलाच्या गोळ्या वापरतो. कथिल शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी आकाराने दीडपटीहून थोडी मोठी होते, ती कठीणही असते आणि फार जोराने दाबली तर बारीक दोरी दुखावते. चीर नखाने उघडून तीच गोळी पुन्हा पुन्हा लावता येते, मात्र जपून. (पूर्वी मी शिशाची गोळी दातांनी दाबीत असे, हे येथे हळूच सांगून ठेवतो.) याहून महत्त्वाची युक्ती अशी की गळ मुख्य दोरीपेक्षा नाजूक अशा वेगळ्या तुकड्यावर बांधावा आणि वजने सारी मुख्य दोरीवर ठेवावीत. अडकले तर नाजूक तुकडा तुटतो, गळ जातो, वजने परत येतात. मासा क्वचित अधिक सुटतो, एवढेच.

राहिली ती डबी. फेकावी तर पुन्हा मातीत, भंगारवाल्याला द्यावी तर तो ती कोणत्या भट्टीत वितळवील कोण जाणे. काठावर फेकजाळे दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध भोयाने ती पाहिली आणि म्हणाला, “काका, ते शिसं टाकू नका. माझ्या जाळ्याला होईल.” मी घुटमळलो, शिसे पुन्हा पाण्यातच जाणार होते. मग त्याला विचारले की जाळ्याला वजने किती आहेत. त्याने वर न पाहता आकडा सांगितला, आणि परवा दोन तुटली ती बुडी मारून काढली हेही सांगितले. मी डबी त्याच्यापुढे ठेवली.