हजेरीपटात न मावणारे

शिक्षकाने लिहिले पाहिजे असे मी म्हणतो, तेव्हा माझ्या मनात कथा-कविता नसतात. त्याही लिहाव्यात. पण वर्गात आणि वर्गाबाहेर रोज जे घडते, ते साध्या भाषेत नोंदवून ठेवणे हा जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावात शिकवणाऱ्याच्या कामाचाच भाग आहे.

तसे शाळेत लिहिणे कमी नसते. हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची माहिती हे सगळे भरावे लागते आणि भरायलाही हवे. मात्र या कागदांना 'किती' हवे असते, 'का' नको असते. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची कितीतरी कुटुंबे जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर. भात, नागली, वरई, सगळी शेती पावसावरची. पाऊस धो धो कोसळतो, पाणी उतारावरून निघून जाते आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. आईबापांबरोबर मूलही जाते आणि हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडते. तापाने झोपलेल्या मुलाच्या नावापुढेही तीच. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत घरी धाकट्याला सांभाळणाऱ्या मुलीच्या नावापुढे तीच, आणि ओहोळाला पाणी आल्याने पलीकडे अडकलेल्याच्याही. खरे तर एकाला हंगामी वसतिगृह हवे, दुसऱ्याला दवाखाना, मुलीला धाकट्यासाठी अंगणवाडी आणि चौथ्याला साकव. कारणच लिहिलेले नसेल, तर यातले काही मागायचे कशाच्या आधारावर?

आजच्या पालघर जिल्ह्यातच याचे मोठे उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, 1957 मध्ये ते कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे जातात आणि मुलींच्या कडेवर भावंडे असतात, हे त्यांनी पाहिले. आदिवासींना शिक्षणाची गोडी नाही, असा सोपा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे चरतात त्या कुरणात नेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकमेकांजवळ आणली. आणि दोघींनी हे लिहिले. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' चालवली, अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' आजही वाचता येते. म्हणून तो अनुभव टेकडीपुरता उरला नाही.

आमच्याविषयी बाहेरचे लोकही लिहितात. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. ते जगासमोर येणे गरजेचेच होते. पण त्यानंतर जव्हार म्हटले की कुपोषण, नाहीतर वारली चित्रे, एवढेच बाहेर दिसते. या दोहोंच्या मधला साधा दिवस कुणी लिहीत नाही. पहिल्या पावसात खेकडा कोणत्या बिळात असेल हे अचूक सांगणारे पोर वर्गात गप्प का बसते, हा शिक्षणातला मोठा प्रश्न आहे, आणि तो रोज पाहणारा माणूस शिक्षकच.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. मुलाचे नाव, घरातली भांडणे, फाटक्या कपड्यांचा फोटो यांवर आपला हक्क नाही. पालकसभेत त्याच आईबापांसमोर मोठ्याने वाचता येईल, तेवढेच लोकांपुढे ठेवावे. दया मिळवण्यासाठी लिहिलेले मला मुलांचा अपमान वाटते.

जव्हार-मोखाड्यातल्या शिक्षक सोबत्यांना माझी विनंती आहे. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधी एक साधी वही करा. कोणते घर कुठे निघाले, मूल कुणाबरोबर जाणार, त्याला काय वाचता येते, गणितात ते कुठे अडते, हे चार-चार ओळींत लिहा आणि त्याची प्रत स्थलांतर करणाऱ्या मुलांना मिळणाऱ्या शिक्षण हमी कार्डाबरोबर पालकांच्या हाती द्या. मग भट्टीजवळच्या शाळेतल्या गुरुजींना त्या मुलाला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवावे लागणार नाही.