दृष्टांत की दुखणं?

दत्तजयंतीला आपल्याकडची पुष्कळ मंडळी पैनगंगा ओलांडून माहूरला जातात. परतल्यावर ओसरीवर गोष्टी निघतात. कुणाला पहाटे खडावांचा आवाज आला, कुणाला पादुका दिसल्या. अशा अनुभवाला हसणारा मी नाही. पण एकट्यालाच दिसलं ते सगळं दृष्टांतच मानायचं का?

जोडीदार गेल्यावर त्याची हाक ऐकू येते, हे तर घरोघरी आहे. वेल्समधले डॉक्टर रीस यांनी १९७१ साली अशा विधवा-विधुरांची पाहणी छापली. जवळपास निम्म्यांना गेलेल्या माणसाचे भास होत आणि बहुतेकांनी ते कुणाला सांगितलंच नव्हतं. नजर मंदावलेल्यांना कधी मुलं, कधी नक्षी दिसते. ते खरं नाही हे त्यांना कळतं. हे वेड नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगावं.

मात्र कालपर्यंत धड असलेलं माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागलं, तर गोष्ट वेगळी. ओळखीतल्या एका आजींना भिंतीवर माणसं दिसू लागली. रात्रभर बडबड, दिवसा ग्लानी. घरच्यांनी दोन दिवस अंगाऱ्यात घालवले. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात लघवीचा जंतुसंसर्ग निघाला. म्हातारपणी ताप, रक्तातलं सोडियम उतरणं, नवी गोळी, अचानक सोडलेली दारू, कशानेही असं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि कानातला आवाज ‘जेवू नको, विष आहे’, ‘विहिरीत उडी घे’ असं सांगत असेल तर? जीव घ्यायला सांगणारा आवाज माझ्या गुरूचा असूच शकत नाही. त्या माणसाशी वाद घालू नये, एकटं सोडू नये. भूत उतरवायचं म्हणून बांधणं, मारणं हा तर २०१३ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

कुणी म्हणतात, डॉक्टरकडे नेलं तर श्रद्धा उणी पडते. बँकेत रोजचा खातेदार समोर उभा असला तरी आम्ही चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहत असू. त्यात त्याचा अपमान कुणी मानला नाही. दत्तमहाराज तरी का मानतील?

यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर केव्हाही फुकट बोलता येतं, मराठीतूनही. दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, डॉक्टर आधी तेच विचारतात.