हरकत घेण्याची विद्या

अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, विधिशास्त्र किंवा पर्यावरणविज्ञान यांपैकी एखाद्या विषयाची पदव्युत्तर पदवी हाती पडण्याच्या सुमारास ज्यांच्या मनात, आपले ज्ञान देशाच्या पाण्याच्या, अरण्यांच्या आणि विजेच्या धोरणाच्या कामी यावे अशी आकांक्षा जागी होते, असे विद्यार्थी आज महाराष्ट्राच्या बहुतेक विद्यापीठांत भेटतात. आकांक्षा शुद्ध असते, परंतु तिला वाट सापडत नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला रुग्णालय कोठे आहे आणि वकिलीच्या विद्यार्थ्याला न्यायालय कोठे आहे हे सांगावे लागत नाही. धोरणाच्या विद्यार्थ्याला मात्र, आपण नेमके कोणत्या दरवाजातून आत जायचे, आणि आत गेल्यावर पहिल्या दिवशी कोणते काम हाती घ्यायचे, हे कोणीच सांगत नाही. तो दरवाजा अस्तित्वात आहे, कायद्याने तो सर्वांना खुला केला आहे, आणि तरीही आपल्या शिक्षणसंस्था त्याकडे पाठ फिरवून बसल्या आहेत, असे माझे मत आहे.

आधीच्या पिढीतील थोर माणसे या क्षेत्रात आली ती आखलेल्या मार्गाने आलीच नाहीत. अमूल्य रेड्डी हे मूळचे विद्युत्-रसायनशास्त्रज्ञ. त्या शास्त्रावरचा त्यांनी सहलेखक म्हणून लिहिलेला ग्रंथ जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. परंतु 1974 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान राबविणारे ‘अस्त्र’ हे केंद्र उभे करून त्यांनी कर्नाटकातील पुरा या खेड्यात ऊर्जेचा हिशेब मांडावयास घेतला, तेव्हा त्या हिशेबात सरपण हेच मुख्य इंधन ठरले आणि ते गोळा करण्याचा बराचसा भार स्त्रिया व मुले यांच्यावर पडतो ही गोष्ट आकड्यांनिशी पुढे आली. पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये गणिती परिस्थितिकीची डॉक्टरेट घेऊन परतले, आणि पुढे पश्चिम घाट तज्ज्ञ गटाचे अध्यक्ष म्हणून 2011 मध्ये त्यांनी जो अहवाल सादर केला त्यात निर्णयाचा अधिकार ग्रामसभेपर्यंत नेण्याचा आग्रह धरला. दोघांच्याही बाबतीत शास्त्रावरचे प्रभुत्व आधी आले, गावाची पायपीट त्यास जोडली गेली, आणि धोरण हे त्या दोहोंच्या संयोगातून निपजले.

परंतु महाराष्ट्रीय विद्यार्थ्याने जे उदाहरण सर्वांत बारकाईने अभ्यासावे ते एन्रॉन या अमेरिकन कंपनीचे. 1993 च्या डिसेंबरात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने तिच्या दाभोळ वीज कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. गुहागर तालुक्यातील त्या प्रकल्पाविषयी सभा झाल्या, मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या, निवडणुकीच्या प्रचारात तो गाजला. आणि या साऱ्या कोलाहलात मूळ कराराचा मसुदा मात्र कितीतरी काळ सामान्य नागरिकाच्या दृष्टीस पडलेला नव्हता. पुण्यात 1994 साली स्थापन झालेल्या ‘प्रयास’ या संस्थेतील गिरीश संत आणि त्यांचे सहकारी या तरुण मंडळींनी त्या वेळी जे काम केले त्यास मी या क्षेत्रातील खरा वस्तुपाठ समजतो. त्यांनी घोषणा बाजूला ठेवून हिशेब मांडला: वीज घेतली वा न घेतली तरी मंडळाने किती रक्कम मोजावयाची, डॉलरचा भाव चढला तर तो बोजा कोणाच्या शिरावर, आणि ज्या वाढत्या मागणीच्या भरवशावर हा करार केला ती मागणी खरोखर येणार आहे काय. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे बंद केले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे निघाले. गिरीश संत 2012 मध्ये अकाली गेले. त्यांच्याजवळ अधिकारपद नव्हते, पक्ष नव्हता, भांडवल नव्हते, आय.आय.टी.त मिळविलेली विद्या होती आणि सरकारी कागद शेवटच्या परिशिष्टापर्यंत वाचण्याची चिकाटी होती.

एन्रॉनच्या करारानंतर कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग 1999 साली आला, आणि 2003 च्या वीज कायद्याने असा दंडक घालून दिला की वीज वितरण कंपनीने दरवाढीची दरखास्त संक्षेपाने प्रसिद्ध करावी, आणि जनतेच्या हरकती व सूचना विचारात घेतल्यावरच आयोगाने दराचा हुकूम काढावा. मी म्हणतो तो दरवाजा हाच. हरकत घेण्यास पदवी लागत नाही की वकीलपत्र लागत नाही. परंतु ती परिणामकारक व्हावयाची असेल तर विद्या लागते. शेतीपंपांचेच पाहावे. जेथे पंपाला मीटर नाही, अथवा असून त्याची नोंद घेतली जात नाही, तेथे पंपांची अश्वशक्ती आणि काही फीडरांवरील, म्हणजे वीजपुरवठ्याच्या मुख्य वाहिन्यांवरील, आकडे यांवरून शेतीचा वीजवापर अंदाजाने ठरवावा लागतो. हा अंदाज वास्तवापेक्षा अधिक धरला गेला, तर वितरणातील गळती आणि चोरी तितकीच कमी भासते, कंपनीचा कारभार आहे त्याहून कार्यक्षम दिसतो, आणि ज्या शेतकऱ्याने ती वीज कधी वापरलीच नाही, त्याच्या नावावर अनुदानाची रक्कम चढते. हे प्रमेय सिद्ध करावयाचे तर फीडरच्या नोंदी, भूजलाची पातळी, पिकांचे क्षेत्र आणि पावसाचे मान यांचा मेळ घालावा लागतो. अभियंता, भूगोलाचा अभ्यासक आणि अर्थशास्त्रज्ञ यांनी एकत्र बसून करावयाचे हे काम एखाद्या उत्तम प्रबंधाच्या तोडीचे आहे, आणि त्याचे परीक्षण सुनावणीत, विरुद्ध पक्षाच्या देखत, होत असते.

पर्यावरणाच्या बाजूसही असाच दरवाजा आहे. केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि बहुतेक प्रकल्पांसाठी जिल्हाधिकारी अथवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखाली जनसुनावणी घ्यावी लागते. तथापि मूळ अहवाल इंग्रजीत, शेकडो पृष्ठांचा, आणि प्रकल्प उभारणाऱ्यानेच मोबदला देऊन नेमलेल्या सल्लागाराने लिहिलेला असतो. आपला पुष्कळसा तरुण पदवीधरवर्ग पहिली नोकरी करतो ती अशाच सल्लागार कंपन्यांत. त्या नोकरीस मी कमी लेखत नाही; नमुने घेणे, नकाशे वाचणे, तळटीपांचा माग काढणे ही कौशल्ये तेथे मिळतात. परंतु जो विद्यार्थी असा अहवाल लिहावयास शिकला त्याने, एकदा तरी, गावच्या बाजूने बसून तो वाचून दाखवावा, त्यातील ओढ्याचे नाव चुकले आहे की काय हे गुराख्याला विचारावे, आणि पावसाळ्यातील वनस्पतींची यादी उन्हाळ्यातील पाहणीवरून कशी केली हा प्रश्न सुनावणीत लेखी मांडावा. या अनुभवानंतर तो त्याच कंपनीत राहिला तरी त्याच्या लेखणीला निराळा धाक असेल.

येथे चरितार्थाचा प्रश्न टाळता येत नाही. ज्या घराने कर्ज काढून मुलीला शिकविले त्या घराने तिला, हरकती लिहीत बस, असे म्हणावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. या क्षेत्रात आज बव्हंशी त्यांनाच पाय रोवता येतो ज्यांच्या पाठीशी शहरातील घर आणि मिळवते आईबाप आहेत. आणि म्हणून ज्या तालुक्यांत धरणे, खाणी व औष्णिक केंद्रे उभी राहतात, त्या तालुक्यांतील मुलांचा आवाज धोरणाच्या चर्चेत साक्षीदार म्हणून ऐकू येतो, अभ्यासक म्हणून ऐकू येत नाही. ही या क्षेत्राची सर्वांत मोठी उणीव मला वाटते, आणि ती व्यक्तिगत त्यागाने भरून निघणारी नाही. वीज कायद्यात ग्राहकांचे हित मांडण्यासाठी आयोगाला कोणाही व्यक्तीस प्राधिकृत करता येईल अशी तरतूद आहे. तिला विद्यावेतनाची जोड देऊन चंद्रपूरच्या वा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला दोन वर्षे हेच काम करू देणे सरकारला अवघड नाही.

विद्यापीठांना तर नवे काही शोधावयाचेही नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत माधव गाडगीळांचे वडील धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभाची पाहणी करून 1948 साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा सरकारी बांधकामाचे मोल शेतकऱ्याच्या शिवारात जाऊन मोजण्याची रीत मराठी मुलखात रुजलेली होती. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘सितारा’ या ग्रामीण भागासाठीच्या पर्यायी तंत्रज्ञानाच्या केंद्राचे विद्यार्थी आजही गावात मुक्काम करून अभ्यास करतात. ही रीत एक-दोन संस्थांपुरती राहू नये. प्रत्येक विद्यापीठाने अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, विधी आणि पर्यावरण या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्याला, आपल्या जिल्ह्याशी संबंधित एका तरी दरखास्तीवर वा अहवालावर मराठीत लेखी हरकत दाखल करण्याची मुभा प्रबंधाऐवजी द्यावी, तिला तितकेच गुण द्यावेत, आणि सुनावणीच्या दिवशी त्याच्या प्राध्यापकाने त्याच्या शेजारी बसावे, अशी माझी सर्व कुलगुरूंना विनंती आहे.