शेजाऱ्याच्या कौलांवरची फांदी



मे महिना सरत आला की आपल्या निडी परिसरात कौले चाळण्याची, लाकूडफाटा आत घेण्याची घाई सुरू होते. 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. त्या एका दिवसात रायगड जिल्ह्यात किती आंबे, नारळ, सुपाऱ्या आडव्या झाल्या, किती छपरे उडाली! वादळ कोणाच्या हातात नसते. पण प्रत्येक फांदी वादळानेच पडते असे नाही.

माझ्या पूर्वीच्या धर्मग्रामात चर्चच्या आवारातील आंब्याची वाळकी फांदी शेजारच्या आजींच्या कौलांवर झुकली होती. "फादर, पावसाआधी तेवढी फांदी उतरवाल का?" असे त्या दोनदा सांगून गेल्या. "बघतो, आजी," असे मी दोन्ही वेळा म्हणालो. जुलैमध्ये फांदी मोडली. कौले फुटली, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले तांदूळ भिजले. नुकसानीचे पैसे मी दिले. पण त्या "बघतो"ची भरपाई कशाने करणार? त्याच मे महिन्यात त्यांच्या अंगणात पडलेले आंबे मात्र मी हक्काने मागवून घेतले होते. आंबे आपले आणि पाला शेजाऱ्याचा, हा कुठला न्याय?

निर्गम ग्रंथाच्या 21 व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला ठाऊक नसेल तर तो निर्दोष. पण त्याला आधी सूचना मिळाली असूनही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर दोष त्याचा. म्हणजे कळले त्या क्षणापासून जबाबदारी आपली होते. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो, ती यासाठीच.

ज्यांच्या घरावर फांदी आली आहे त्यांचेही कर्तव्य आहे. मनात राग साठवू नये, रात्री झाडाच्या मुळाशी काही ओतू नये. शेजाऱ्याकडे जाऊन सरळ सांगावे. कोयता हाती घेण्यापूर्वी विचारावे. झाड तोडायचेच असेल, तर नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हेही ध्यानात असावे. आणि शेजारी म्हातारा किंवा एकटा असेल, तर शिडी आपणच घेऊन जावे.

मत्तयच्या शुभवर्तमानात (5:23-24) प्रभू येशू आपल्याला वेदीपाशी अर्पण ठेवून आधी समेट करायला पाठवतो. नीट वाचा: माझ्या मनात कोणाविरुद्ध काही आहे का, असे तो विचारत नाही. माझ्या भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काही आहे का, हे मी आठवायचे आहे.

तेव्हा आज मिस्साहून घरी गेल्यावर कुंपणापाशी क्षणभर उभे राहा आणि वर पाहा. आपली फांदी कोणाच्या छपरावर आहे? पाऊस येण्याआधी त्या घरी जाऊन या. जाताना चार आंबेही न्या.

आपला प्रभूसेवेत,
प्रमुख धर्मगुरू