शक्यता कोणाची? : इंग्रजी 'मे' आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

विधान खरे की खोटे, एवढाच प्रश्न विचारून तर्कशास्त्राला बराच काळ भागवता आले. परंतु 'रस्ता बंद असेल' असे कोणी सांगितले आणि प्रत्यक्षात रस्ता मोकळा आढळला, तर सांगणारा खोटे बोलला असे आपण म्हणत नाही. त्याने फक्त शक्यता सांगितली होती. मग अशा वक्त्याला जबाबदार धरावयाचे ते कशाबद्दल? की शक्यतेच्या भाषेत बोलणारा सर्व जबाबदारीतून मुक्तच असतो? या प्रश्नाचा विचार येथे इंग्रजीतील शक्यतादर्शक साहाय्यक क्रियापदांच्या आधारे करावयाचा आहे. या क्रियापदांची तात्त्विक चर्चा विपुल झाली आहे. शिवाय त्यांतील एका लहानशा शब्दाने राज्यकारभारात काय घडू शकते, याची कागदोपत्री नोंदही उपलब्ध आहे.

'मे' आणि 'कॅन' या क्रियापदांचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. 'मे'च्या मुळाशी बळ असणे, समर्थ असणे हा अर्थ आहे. सामर्थ्यवाचक 'माइट' हे नाम त्याच कुळातले. 'कॅन'च्या मुळाशी जाणणे हा अर्थ आहे. कालौघात सामर्थ्यातून परवानगीचा आणि पुढे संभवाचा अर्थ निघाला. आज 'यू मे गो' यात परवानगी आहे, तर 'इट मे रेन' यात अंदाज. पहिला अर्थ विधिनिषेधाचा, दुसरा ज्ञानाचा. ईव्ह स्वीट्सर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दोहोंतील नाते रूपकाच्या साहाय्याने उलगडले. बाह्य जगात वाट अडलेली नसणे हा पहिला अर्थ. विचाराच्या प्रदेशात निष्कर्षाकडे जाणारी वाट अडलेली नसणे हा दुसरा.

ज्ञानविषयक अर्थाच्या संदर्भात 'कॅन' आणि 'मे' यांच्यातील भेद महत्त्वाचा आहे. 'हा ताप जीवघेणा ठरू शकतो' हे विधान वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात शोभते. इंग्रजीत तेथे 'कॅन' येईल, कारण ती शक्यता त्या रोगाच्या स्वभावात आहे. परंतु विशिष्ट रुग्णाच्या खाटेशी उभा राहून वैद्य 'हा कदाचित वाचणार नाही' असे म्हणतो, तेव्हा इंग्रजी 'मे' वापरते. येथील शक्यता रोगाच्या स्वभावात नसून वैद्याला आज जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक नाही, त्यांच्या सीमारेषेवर आहे. 'कॅन' वस्तूविषयी बोलते. 'मे' वस्तूविषयी बोलण्याचा आव आणून ज्ञानाविषयी बोलते.

मात्र हे ज्ञान कोणाचे, ते वाक्यात कोठेही नोंदलेले नसते. आंगेलिका क्रात्झर यांनी १९७७ साली हा मुद्दा नेमकेपणाने मांडला. त्यांच्या मते 'मस्ट' आणि 'कॅन' यांचा अर्थ 'कशाच्या अनुरोधाने' या अध्याहृत पदावाचून पुरा होत नाही. कायद्याच्या, परिस्थितीच्या की उपलब्ध माहितीच्या अनुरोधाने, हे श्रोत्याने संदर्भावरून भरून घ्यावयाचे असते. जी. ई. मूर यांच्या नावाने ओळखला जाणारा विरोधाभासही येथे स्मरतो. 'पाऊस पडतो आहे, पण तो पडतो आहे असे मला वाटत नाही' या वाक्यात तार्किक विसंगती नाही, तरीही ते कोणी गंभीरपणे उच्चारू शकत नाही. 'पाऊस पडतो आहे, पण कदाचित पडत नसेल' हे वाक्यही तसेच कोसळते. म्हणजे 'मे'च्या वाक्यात वक्ता व्याकरणदृष्ट्या अदृश्य असला, तरी त्याने दिलेली हमी तेथे हजर असते. आपल्याजवळील माहितीची तपासणी केली असून ती अमुक निष्कर्षाला आडवी येत नाही, ही ती हमी होय. शक्यता सांगणाऱ्याला जाब विचारावयाचा तो या हमीबद्दल.

ही हमी किती धूसर राहू शकते, याचे एक उदाहरण शर्मन केंट यांनी नोंदवून ठेवले आहे. केंट हे इतिहासाचे प्राध्यापक. पुढे ते अमेरिकेच्या गुप्तवार्ता-विश्लेषणाचे एक प्रमुख झाले. १९५१ मध्ये त्यांच्या मंडळाने यूगोस्लाव्हियावर त्या वर्षी आक्रमण होण्याची 'गंभीर शक्यता' असल्याचा अहवाल दिला. याचा अर्थ काय, असे परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने विचारले तेव्हा केंट यांनी आपला अंदाज ६५ विरुद्ध ३५ असा सांगितला. अधिकाऱ्याने तो बराच कमी गृहीत धरला होता. मग केंट यांनी सहकाऱ्यांकडे चौकशी केली. या शब्दप्रयोगास एकमुखाने संमती देणाऱ्यांच्या मनातील अंदाज २० विरुद्ध ८० पासून ८० विरुद्ध २० पर्यंत पसरलेले निघाले. एकमत झाले होते ते शब्दावर; अर्थावर ते कधी झालेच नव्हते.

१९६४ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात केंट यांनी यावर संख्यांचा उपाय सुचविला. 'संभाव्य' म्हणजे ७५ टक्के, सुमारे १२ टक्के इकडेतिकडे, अशी ती कोष्टकबद्ध योजना होती. हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय अहवालांतही अशी परिमाणे वापरली जातात; तेथे 'लाइकली' म्हणजे किमान ६६ टक्के. या उपायाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तथापि संख्या शक्यतेचे माप देते; ती कोणाची आणि कशाच्या अनुरोधाने, हे सांगत नाही. अध्याहृत पद अध्याहृतच राहते.

या अध्याहृताची किंमत २००२ मध्ये ब्रिटनमध्ये दिसून आली. इराकच्या शस्त्रास्त्रांविषयी सरकार जी पुस्तिका प्रसिद्ध करणार होते, तिच्या मसुद्यात इराकी सैन्य आदेशानंतर ४५ मिनिटांत रासायनिक वा जैविक अस्त्रे सज्ज करू शकत असेल, असे विधान होते. त्यात 'मे' होता. सारांशातील विधानाहून हा 'मे' दुबळा आहे, असे पंतप्रधानांचे संपर्क-संचालक अ‍ॅलिस्टर कॅम्पबेल यांनी १७ सप्टेंबरच्या टिपणात संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष जॉन स्कार्लेट यांना कळविले. दुसऱ्याच दिवशी ती भाषा घट्ट केल्याचे उत्तर गेले. २४ सप्टेंबरला पुस्तिका निघाली तेव्हा 'मे' गळाला होता आणि सामर्थ्य निश्चित झाले होते. मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले. तशा अस्त्रांचे साठे पुढे सापडले नाहीत.

एका 'मे'मुळे युद्ध झाले, असे म्हणणे बालिश ठरेल. परंतु संपादकीय टिपणाची भाषा विचारात घ्यावयास हवी. तेथे 'मे'कडे शैलीतील उणीव म्हणून पाहिले गेले, आणि उणीव म्हटली की ती दुरुस्त करावयाची असते. वस्तुतः 'मे' ही दुबळी 'आहे' नव्हे. तो वेगळ्याच गोष्टीविषयीचा, आपल्या ज्ञानाच्या मर्यादेविषयीचा, पूर्ण बळाचा दावा आहे. तो काढल्याने विधान सबळ झाले नाही. एक विधान जाऊन दुसरे आले, आणि या दुसऱ्याला आवश्यक तो नवा पुरावा सोबत आला नाही.

पुढे लॉर्ड हटन यांच्या चौकशीत हे सारे पुढे आले. अंतिम मजकुरास समितीची संमती होती, असा निर्णय त्यांनी जानेवारी २००४ मध्ये दिला. मात्र पुस्तिका प्रभावी व्हावी या पंतप्रधानांच्या इच्छेचा समितीच्या सदस्यांवर नकळत परिणाम झाला असावा, ही शक्यता पूर्णतः फेटाळता येत नाही, असेही त्यांनी नमूद केले. एका 'मे'च्या लोपाचा निवाडा दुसऱ्या 'मे'ने झाला. ही शक्यता कोणाला फेटाळता येत नाही, आणि कोणत्या पुराव्याच्या अनुरोधाने? वाक्य याविषयी मौन पाळते.

मराठी वाचकाला येथे 'म्हणे' या अव्ययाची आठवण व्हावी. ४५ मिनिटांची वार्ता एका खबऱ्याने दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली होती. 'तो आला असेल', 'तो आला असावा', 'तो आला म्हणे' या तीन वाक्यांत मराठी अंदाज, अनुमान आणि ऐकीव माहिती वेगळी राखते. इंग्रजीत हे करावयाचे तर निराळा वाक्यांश जोडावा लागतो. परंतु यावरून स्वभाषेच्या नैतिक श्रेष्ठत्वाचा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. 'माणसाने घरी असावे' आणि 'तो घरी असावा' यांत कर्तव्य आणि अनुमान एकाच प्रत्ययाने दाखविणारी मराठीही या संदिग्धतेपासून अलिप्त नाही. आणि 'शक्यता नाकारता येत नाही' हे आपल्या वृत्तपत्रांचे आवडते वाक्य हटन यांच्या वाक्याइतकेच निनावी आहे. व्याकरण सोय पुरविते. सचोटी पुरवीत नाही.

हा प्रश्न समीक्षेच्याही दारात येऊन थांबतो. 'या कवितेत मिथकाचे सूचन आहे असे म्हणता येईल' हे वाक्य आपण सर्वच लिहितो. म्हणता येईल ते कोणाला? संहितेतील कोणत्या खुणांच्या अनुरोधाने? आणि हे म्हणता येत नाही असे केव्हा ठरेल? या तीन प्रश्नांची उत्तरे असतील, तर ते वाक्य विनयाचे आहे. नसतील, तर ते दावा करून त्यावरील सही टाळणारे आहे. बहुतेक वेळा पुढच्या परिच्छेदात तेच वाक्य 'सिद्ध झालेला' मुद्दा म्हणून परत येते. त्या दोन परिच्छेदांच्या दरम्यान आपणही एक 'मे' खोडलेला असतो, आणि आपल्याकडे तसे टिपणही कोणी पाठविलेले नसते.