कर्तव्य आणि विहार

मागील हिवाळ्यातील गोष्ट. शनिवार असल्यामुळे जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनास बरीच गर्दी होती. दर्शन आटोपून आमच्या सभासद कुटुंबातील एक वृद्ध आजी सावलीला टेकल्या होत्या. नातवाने त्यांस फोनवर काही छायाचित्रे दाखविली. थोरली नात इटलीत संशोधनास गेलेली. तिने व्हेनिसच्या कालव्यांची ती छायाचित्रे धाडली होती. आजींनी फोन डोळ्यांजवळ नेऊन ती पाहिली आणि विचारले, "तिले शिकाले धाडलं होतं, का फिराले?" भोवतालची मंडळी हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण तो प्रश्न थट्टेचा नव्हता, हिशेबाचा होता.

त्या घराने नातीच्या शिक्षणापायी दोन वर्षांच्या संत्र्याचे पैसे लावले. आजींची पंढरीची वारी त्यामुळे दोनदा राहिली. ज्यांनी स्वतः काही पाहिले नाही, त्यांच्या न पाहण्यावर जिचे पाहणे उभे आहे, तिने आपले शनिवार-रविवार फिरण्यात घालवावेत काय? सौंसर-पांढुर्ण्याकडील घरांतूनही आता मुले परदेशी जाऊ लागली आहेत. तेव्हा हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ही नात त्रिएस्ते नगरातील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्रात काम करते. पाकिस्तानचे शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांच्या पुढाकाराने १९६४ साली ही संस्था निघाली. लाहोरास प्राध्यापक असताना ज्ञानाच्या जगापासून तुटल्याचे दुःख सलाम यांनी स्वतः अनुभवले होते. गरीब देशांतील संशोधकाने मायदेश कायमचा न सोडता या केंद्रात यावे, काम करावे आणि परत जावे, हा त्यांचा हेतू. मुलगी तेथे मोसमी वाऱ्यांचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करते. म्हणजे ज्या पावसावर तिच्या वडिलांचा मृग बहार अवलंबून, त्याच पावसाचा. पाच दिवस हे काम. पुढे दोन दिवस सुट्टीचे, आणि आगगाडीने सुमारे दोन तासांवर व्हेनिस.

या दोन दिवसांविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणते की, कर्ज काढून गेलेल्याचा प्रत्येक तास कामाचाच असला पाहिजे. दुसरे म्हणते की, तरुणपण पुन्हा येत नाही. गेला आहात तर सारे पाहून घ्या. पहिल्यात कृतज्ञता आहे, पण शहाणपण थोडे. दुसऱ्यात उत्साह आहे, पण ऋणाची आठवण नाही.

पहिले मत मांडणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारू की, दर शनिवारी आपण कोणापुढे हात जोडतो? जामसावळीचा मारुती उभा नाही, तो पहुडलेला आहे. ज्याच्याहून अधिक श्रम करणारा सेवक आपल्या पुराणांत नाही, त्याचेच विश्रांत रूप आपण पूजितो, आणि घरातील मुलीने शनिवारी विसावा घेतला तर कपाळाला आठी घालतो. रामायणात या बाबतीत दोन प्रसंग आहेत. समुद्र ओलांडताना मैनाक पर्वत वर येऊन मारुतीस विसाव्याची विनंती करतो. मारुती त्याचा अव्हेर करीत नाही. हाताने त्यास स्पर्श करून मान देतो आणि पुढे निघतो, कारण काम अर्ध्यावर आहे. पुढे सीतेचा शोध लागल्यावर तोच मारुती आपल्या सोबत्यांसह मधुवनात उतरतो, आणि वानर मनसोक्त मध पितात. वनाच्या नासाडीची तक्रार सुग्रीवाकडे जाते, तेव्हा तो रागावण्याऐवजी आनंदतो. कार्य सिद्धीस गेल्याखेरीज हे असे धजावणार नाहीत, हे तो जाणतो. विसावा तोच; एकदा तो केवळ स्पर्शापुरता, एकदा पोटभर. कामाची अवस्था कोणती, यावरून त्याचे माप ठरले.

गीतेच्या सहाव्या अध्यायातही आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांना एकच विशेषण लावले आहे: युक्त, म्हणजे मापातले. तेथे विहाराचा निषेध नाही, त्याला माप घातले आहे.

आपल्या बागाईतदारांस तर हे कोणी सांगावयास नको. आंबिया बहार धरावयाचा तर थंडीत संत्र्याच्या झाडाचे पाणी तोडून त्यास ताण द्यावा लागतो. परक्यास वाटते, झाड उपाशी ठेवले. परंतु त्या काळात झाडाची वाढ थांबते, अन्न फांद्यांत साठते, आणि ताण सोडल्यावर फूल येते. ताण दिलाच नाही तर पालाच माजतो. ताण लांबला तर झाड वाळते. आणि जो एकाच झाडापासून आंबिया व मृग हे दोन्ही बहार घेऊ पाहतो, तो पुढे झाडही गमावतो. मनुष्याची बुद्धी याहून वेगळी आहे, असे समजण्यास आधार नाही.

तथापि दुसऱ्या मतासही आमचे सांगणे आहे. विसाव्याच्या नावाखाली चोरी होऊ शकते. शुक्रवारी दुपारीच ज्याचे मन स्थानकावर जाऊन बसते, सोमवारी जो थकलेले डोळे घेऊन कामावर येतो, मार्गदर्शकास जो अपुरे काम पुरे म्हणून दाखवितो, त्याने आपल्या घराचे आणि यजमान देशाचेही घेणे बुडविले. शहरांची नावे मोजीत धावणे आणि प्रत्येक देवळापुढे आपलेच छायाचित्र काढणे, हा विहार नव्हे; तो आणखी एक शीण होय. म्हणून रविवार कसा गेला, याची परीक्षा सोमवारी होते. सोमवारी बुद्धी ताजी असेल तर रविवार सत्कारणी लागला.

याच्याही पुढची एक पायरी आहे. गोमंतकात १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कामासाठी ते पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईस जात. सवडीच्या वेळी पुण्याभोवतालच्या टेकड्या पायी तुडवून त्यांनी अश्मयुगातील बारीक दगडी हत्यारे गोळा केली; धनगरांच्या वाटा आणि खेड्यांतील देवतांची ठाणी पाहिली. भारतीय इतिहासावरील त्यांचा १९५६ सालचा ग्रंथ या पायपिटीवाचून तसा झाला नसता. डोळे उघडे ठेवून केलेली भटकंती कधी कधी कामाहून मोठे काम होते. प्रत्येकाच्या बाबतीत तसे घडेल असे नाही; पण पाहण्याची ही तऱ्हा प्रत्येकास साधण्यासारखी आहे.

आता पुन्हा त्या नातीकडे वळू. पुढे एका सुट्टीत ती फ्लॉरेन्सला गेली. आर्नो नदीच्या काठी, जेथे मुन्योने ही लहान नदी तीस मिळते, तेथे एका छत्रीखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचा. इंग्लंडचा प्रवास करून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांचे त्या नगरात निधन झाले. परक्या मुलखात, त्या संगमावर, हिंदू रीतीने त्यांचे दहन झाले. स्मारक १८७४ साली उभे राहिले. महाराज प्रवासात रोजनिशी लिहीत. ती त्यांच्या मागे १८७२ साली प्रसिद्ध झाली. पाहिलेले घरी सांगावयास ते स्वतः पोहोचले नाहीत, त्यांची वही पोहोचली.

या वेळी नातीने नुसते छायाचित्र धाडले नाही. फोन करून आजींस ही हकीकत सावकाश सांगितली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "तिथं त्याचं आपलं कोणी होतं का वं?" फिरण्याचा हिशेब त्यांनी त्या दिवशी मागितला नाही. आमच्या मते तो चुकता झाला होता.

ऋण हे बरोबरीचे कष्ट भोगून फिटत नाही. घरचे जन्मभर काही न पाहता राहिले, म्हणून मुलीनेही डोळे मिटून राहावे, यात त्यांचे काय भले? ते फिटते दोन गोष्टींनी: ज्या कामासाठी पाठविले ते पुरे करण्याने, आणि जे पाहिले ते न पाहणाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याने. मुलांनी या दोन्हींची जाण ठेवावी. आणि वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, रविवारी परदेशातून फोन आला म्हणजे "फिरायला का गेलीस?" असे विचारू नये. "काय पाहिलंस ते सांग" असे म्हणावे, आणि ऐकावयास थोडा वेळ काढावा. बाकीची परीक्षा सोमवार घेईलच.