पळसाची तीन पाने आणि माणसाची जात



“पाची बोटे सारखी नसतात” हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सालदाराने साल वाढवून मागितले की मालक हेच वाक्य ऐकवतो. मजुराचा मुलगा कॉलेजात जायचा म्हणाला की पारावर बसलेला कुणीतरी हेच वाक्य ऐकवतो. माझे वडील सालदार होते आणि आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, म्हणून हे वाक्य माझ्या चांगलेच ओळखीचे आहे. त्याचा अर्थ असा लावला जातो की निसर्गातच विषमता आहे, मग समाजात समता कुठून येणार?

या वाक्याचा पूर्वार्ध अगदी खरा आहे. पाची बोटे सारखी नसतात. ती सारखी असती तर मूठ वळली नसती, लेखणी धरता आली नसती, विळ्याची मूठ पकडता आली नसती. पण करंगळी लहान म्हणून तिला रक्त कमी मिळते काय? अंगठा जाड म्हणून तो करंगळीचा विटाळ मानतो काय? बोटांत भेद आहे, पण विषमता नाही. भेद निसर्गाने दिला आहे, विषमता माणसाने लादली आहे. या दोन शब्दांची सरमिसळ करूनच चातुर्वर्ण्य हजारो वर्षे जगले. म्हणून या दोन शब्दांतले अंतर आपण नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी ग्रंथ उघडण्याआधी जरा रानाकडे पाहू या.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला रानाची वाण नाही. पुसद-उमरखेडच्या डोंगराळ भागात जा, नाहीतर पांढरकवड्याकडच्या टिपेश्वरच्या जंगलात जा. फाल्गुनात पळस पाने गाळून अंगभर केशरी फुलतो. त्याच सुमारास साग निष्पर्ण होऊन उभा असतो. पुढे चैत्रात मोहाची फुले पहाटे टपटप खाली पडतात आणि गोंड-कोलामांच्या घरची माणसे टोपल्या घेऊन वेचायला निघतात. वैशाखाच्या उन्हात बहावा पिवळा होतो. ज्या सागाकडे उन्हाळ्यात कुणी पाहत नाही, त्याला पावसाळ्यात मोठमोठी पाने आणि पांढरट फुलोरा येतो. प्रत्येकाचा हंगाम वेगळा, उपयोग वेगळा, रूप वेगळे. एकाच्या हंगामात दुसरा उघडा दिसतो, म्हणून तो नीच ठरत नाही. तुम्ही म्हणाल, सागाला भाव आहे, तो मोहाला कुठे? पण तो भाव लाकडाच्या डेपोत ठरतो. सागाच्या सालीवर तो कुणी लिहिलेला नाही. उपाशी दिवसांत ज्या घरात मोहाची फुले शिजली, त्या घराला विचारा कोणते झाड मोठे.

तथागतांनी माणसांना हेच पाहायला शिकवले. इच्छानंगल गावाजवळच्या वनात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण वाद घालीत त्यांच्याकडे आले. सात पिढ्यांची शुद्ध वंशावळ असली की माणूस ब्राह्मण होतो, असे भारद्वाजाचे म्हणणे होते. शील आणि आचरण असले की होतो, असे वासेट्ठाचे म्हणणे होते. सुत्तनिपातात आणि मज्झिमनिकायात हा प्रसंग आला आहे. भगवंतांनी त्यांना वेद काढून दाखवले नाहीत, कुणा देवाची साक्ष काढली नाही. त्यांनी गवताकडे आणि झाडांकडे बोट दाखवले. मग किडे-मुंग्या, चार पायांची लहानमोठी जनावरे, साप, मासे आणि पाखरे यांच्याकडे दाखवले. या सगळ्यांत जन्मापासूनच वेगवेगळ्या जातींच्या खुणा आहेत. माणसाच्या बाबतीत मात्र केस पाहा, कान पाहा, डोळे, नाक, ओठ, मान, खांदे पाहा. अशी जन्मजात खूण कुठेच सापडत नाही. माणसांमधला हा फरक बोलण्या-ठरवण्यापुरता आहे. जो शेती करतो तो शेतकरी, जो व्यापार करतो तो व्यापारी. माणूस कर्माने ओळखावा, जन्माने नव्हे.

वाचकहो, आपल्याकडे म्हण आहे, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. भगवंतांचा युक्तिवाद या म्हणीत मावतो. यवतमाळचा पळस घ्या की बिहारचा घ्या, देठाला पाने तीनच. ही झाली निसर्गाने दिलेली जात. आता दहा माणसे ओळीने उभी करा आणि ज्याला जातीचा अभिमान आहे त्याला सांगा, यांतला ब्राह्मण कोणता, महार कोणता, मांग कोणता, कुणबी कोणता, ते नाव-गाव न विचारता ओळखून दाखव. त्याला ओळखता येणार नाही. म्हणून तर तो पहिल्या भेटीतच आडनाव विचारतो!

पण गोष्ट इथेच संपत नाही. झाडाझाडांत भेद आहेत, तसेच एका झाडाच्या पानापानांतही आहेत. एकाच पळसाची दोन पाने एकमेकांवर ठेवून पाहा, तंतोतंत जुळणार नाहीत. माणसाचेही तसेच आहे. जातीची खूण कुणावर नाही, पण प्रत्येकाची स्वतःची खूण प्रत्येकावर आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाला पाढे येत नाहीत, पण पाखराचा नुसता आवाज ऐकून तो त्याचे नाव सांगतो. एका मुलीच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण तिची वही पाहिली की हात जोडावेसे वाटतात.

जातिव्यवस्थेने नेमक्या याच वेगळेपणाचा खून केला. ‘आम्ही भेद मानतो’ असे जातिवादी म्हणतो, ते खोटे आहे. त्याला खरा भेद सहनच होत नाही. चांभाराच्या घरी जन्मलेल्या मुलाचे बोट सतारीवर चालेल की गणितावर, हे तो पाहत नाही. सगळ्यांच्या हातात एकच आरी देतो. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी भाषण लिहिले. मंडळाने ते होऊ दिले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखवून दिले की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे आणि तीत माणसाची आवड व कुवत यांना जागा नाही. माणसे सारखी नसतात, हा आक्षेपही त्यांनी टाळला नाही. आनुवंशिकता, घरातून मिळालेला वारसा आणि स्वतःचे प्रयत्न यांमुळे माणसे वेगळी होतात, हे त्यांनी मान्य केले. पण ज्याला घरातून काही मिळाले नाही, त्याला पहिल्याच पावलाला मागे ढकलणे अन्यायाचे आहे. समाजाला आपल्या माणसांतून जास्तीत जास्त काही घडवून घ्यायचे असेल, तर आरंभी सर्वांना शक्य तितक्या समानतेनेच वागवले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. समता म्हणजे सगळ्यांना एका मापाचे करणे नव्हे. प्रत्येक रोपाला पाणी मिळाले पाहिजे, मग कोणते किती वाढते ते पाहू!

आपल्या शेतातच याचा दाखला आहे. जुने शेतकरी पराटीच्या काही तासांनंतर तुरीचे तास धरतात. तूर हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवते, तिची मुळे खोल जातात. पाऊस दगा देऊन गेला आणि एक पीक बसले तर दुसरे हाताशी येते. दोन्ही वेगळी आहेत म्हणून एकमेकांच्या उपयोगी पडतात. उलट, २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर पुढे शिवारेच्या शिवारे एकाच तऱ्हेच्या कपाशीने भरली. भोवती लावायच्या वेगळ्या बियाण्याच्या ओळी बहुतेक ठिकाणी लागल्याच नाहीत. गुलाबी बोंडअळी त्या एका वाणाला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाच्या कपाशीची काय दशा झाली, ते सांगायला नको. सगळे एकसारखे झाले की एकच अळी सगळ्यांना पुरते.

भगवंतांचा संघ मात्र मिश्र पिकाच्या शेतासारखा होता. उपाली न्हाव्याच्या कुळातला; तो विनयात अग्रणी ठरला. खुज्जुत्तरा राजवाड्यातली दासी, पाठीला कुबड. बहुश्रुत उपासिकांत तिला पहिला मान मिळाला. गोसिंग सालवनातला प्रसंग तर फारच सुंदर आहे. चांदणी रात्र होती, साल फुलले होते, सुगंध दरवळत होता. कशा प्रकारच्या भिक्खूने या वनाला शोभा येईल, असे सारिपुत्तांनी विचारले. आनंद म्हणाले, बहुश्रुत भिक्खूने. रेवत म्हणाले, एकांतात ध्यान करणाऱ्याने. अनुरुद्धांनी दिव्यचक्षू सांगितले, महाकस्सपांनी अरण्यवास, मोग्गल्लानांनी धम्मचर्चा, आणि सारिपुत्तांनी मनावरचा ताबा. मग सगळे भगवंतांकडे गेले. भगवंतांनी एकाला बरोबर आणि बाकीच्यांना चूक म्हटले नाही. तुम्ही सर्वच छान बोललात, असे सांगून त्यांनी स्वतःचेही उत्तर दिले: आसवांपासून मुक्त झाल्यावाचून आसन सोडणार नाही, असा निश्चय करून बसणाऱ्या भिक्खूने वन शोभते. वन एकच, पण शोभा इतक्या तऱ्हांची!

आता आपल्या घराकडे वळू या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. सर्व माणसे समान मानण्याची आणि समता प्रस्थापित करण्याची प्रतिज्ञा त्यांत आहे. मग सोयरिकीच्या वेळी आपल्यातच पोटजात का विचारली जाते? पळसाला पोटजात विचारणारा दुसरा पळस तुम्ही पाहिला आहे काय? मुलगी पाहायला गेल्यावर “रंगाने जरा काळी आहे” असे म्हणत का उठता? ज्या काळ्या मातीला आपण आई म्हणतो, तिच्याच रंगाची लेक आपल्याला का खुपते?

आणि मुलांचे काय? “त्याचा मुलगा इंजिनियर झाला, तू का नाही?” असे दररोज ऐकवून आपण आपल्याच घरात नवी उतरंड उभी करतो. चूळपंथकाची गोष्ट आठवा. अट्ठकथेत सांगितले आहे की चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही. सख्ख्या भावाने त्याला घरी परत जायला सांगितले. भगवंतांनी त्याला गाथा दिली नाही, एक स्वच्छ फडके दिले आणि ते हाताने चोळीत राहायला सांगितले. फडके मळत गेले आणि त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. भावाकडे एकच चावी होती. भगवंतांनी कुलूप पाहून चावी दिली.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर मुलांना घेऊन गावाबाहेरच्या एखाद्या झाडाखाली बसा. प्रत्येकाला दहा पाने वेचायला सांगा आणि त्यांतली दोन सारखी शोधायला सांगा. ती सापडणार नाहीत. मग विचारा, यांतले उच्च पान कोणते आणि नीच कोणते? पोरे हसतील. त्यांना हसू द्या. ते हसू त्यांच्या मनात कायम राहिले, तर मोठेपणी कुणी जात विचारल्यावरही ती अशीच हसतील, आणि आपला धम्म पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप गेला असे समजायला हरकत नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!